परदेशात एमएसला निघताना: लसी, टीबीची तपासणी आणि चालू औषधं

जून उजाडला की माहीममधल्या आमच्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. मुलगा किंवा मुलगी एमएसला निघालेली असते, बरोबर आई नाहीतर बाबा असतात आणि हातात विद्यापीठाच्या आरोग्य विभागाचा तीन-चार पानी फॉर्म असतो. विमान ऑगस्टच्या मध्याला. "डॉक्टर, एवढ्यावर सही-शिक्का हवा होता." फॉर्म वाचल्यावर लक्षात येतं, की सहीच्या आधी दीड-दोन महिन्यांचं काम शिल्लक आहे. म्हणून पहिली विनंती: प्रवेशाचं पत्र आलं की व्हिसाची वाट न पाहता हा फॉर्म डाऊनलोड करा आणि डॉक्टरांना दाखवा.

लसींची जुनी फाइल

आधी कपाटातून बालरोगतज्ज्ञांची फाइल शोधा. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं एमएमआरचे दोन डोस मागतात, दोन्हींत किमान २८ दिवसांचं अंतर. इथे एक घोळ नेहमी होतो. आपल्या सरकारी वेळापत्रकातली एमआर लस गोवर आणि रुबेलाची आहे, तिच्यात गालगुंड नाही. २०१८ मध्ये शाळाशाळांतून झालेल्या मोहिमेतला डोसही एमआरचाच होता. फॉर्ममध्ये तीनही आजार लिहिलेले असतात, त्यामुळे तो डोस पुरेसा धरला जात नाही. फाइल सापडलीच नाही तर रक्तातल्या अँटीबॉडी तपासता येतात, किंवा सरळ पुन्हा लस घेता येते. आधी घेतलेली असताना पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही. मात्र गर्भवतींना एमएमआर आणि कांजिण्यांची लस देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते. लग्न झालेल्या विद्यार्थिनी हे विचारायला संकोचतात, म्हणून लिहिलं.

कांजिण्यांचे दोन डोस, गेल्या दहा वर्षांतला टीडॅप आणि वसतिगृहात राहणार असाल तर मेंदूज्वराची मेनिंगोकॉकल एसीडब्ल्यूवाय लस, हेही बऱ्याच फॉर्ममध्ये असतं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात. ते इथे सुरू करून उरलेले तिकडे घेतले तरी चालतात, फक्त तारखा लिहून न्या.

टीबीची तपासणी 'पॉझिटिव्ह' आली तर

सगळ्यात जास्त रडारड याच कागदावर होते. रात्री लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर येतो, त्यात 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. प्रवेश गेला, कर्ज अंगावर आलं, नातेवाइकांना काय सांगायचं, इथपर्यंत विचार पोचतात.

तर नीट समजून घ्या. ही तपासणी दोन प्रकारे होते. मान्टूमध्ये हातावर सुई टोचून ४८ ते ७२ तासांनी सूज मोजतात. जन्मतः टोचलेल्या बीसीजीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्रा ही रक्ताची तपासणी आहे, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून विद्यापीठ चालवून घेत असेल तर मी इग्राच करायला सांगतो. एमएमआर किंवा कांजिण्यांची लस घ्यायची असेल तर रक्त त्याच दिवशी किंवा आधी द्या. लस आधी घेतलीत तर तपासणीसाठी चार आठवडे थांबावं लागतं.

दोन्ही तपासण्या एवढंच सांगतात, की शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे. आजार आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. २०१९-२१ मधल्या देशव्यापी सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांमध्ये असा संसर्ग आढळला. ज्यानं वीस वर्षं लोकलमध्ये आणि क्लासच्या कोंदट खोल्यांत काढली, त्याची तपासणी पॉझिटिव्ह आली तर मला नवल वाटत नाही. याला सुप्त टीबी म्हणतात. त्यात खोकला, ताप काही नसतं आणि तो दुसऱ्याला लागत नाही. अशा शंभरातल्या पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो, म्हणून विद्यापीठ चौकशी करतं.

पुढची पायरी छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांची तपासणी. दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं यांपैकी काही नसेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल तर तसं पत्र मिळतं आणि विद्यार्थी सहसा ठरल्या दिवशी जातो. सुप्त टीबीवर औषध आहे: चार महिने रोज रिफाम्पिसिन, किंवा आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे दोन औषधं, किंवा सहा ते नऊ महिने आयसोनियाझिड. निघायला दोनच आठवडे उरले असतील तर मी ते तिथल्या आरोग्य केंद्रात सुरू करायला सांगतो, कारण सुरुवातीला यकृताकडे लक्ष ठेवावं लागतं. प्रत्यक्ष आजार नाही याची खात्री न करता एखादं औषध आपल्या मनाने सुरू करू नका. आजार असेल तर जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो.

आणि खरंच आजार निघाला तर? औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा साधा उपचार सहा महिन्यांचा आहे. प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलण्याची विनंती विद्यापीठाला करता येते. लपवून विमानात बसू नका. १८८३ मध्ये १८ वर्षांच्या आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ मध्ये पदवी घेतली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या. वय २१. जंतूचा शोध १८८२ मध्ये लागला होता, पण पहिलं परिणामकारक औषध यायला आणखी साठ वर्षं होती. आज ते औषध आपल्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.

ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त काळासाठी जाणाऱ्यांचा नियम वेगळा आहे. तिथे व्हिसासाठीच त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रातला एक्स-रे लागतो आणि प्रमाणपत्र सहा महिने चालतं. दुसऱ्या कुठल्या लॅबचा रिपोर्ट घेत नाहीत.

चालू औषधं

दमा, थायरॉइड, फिट्स, मधुमेह असलेल्यांनी औषधं मूळ पाकिटात, जेनेरिक नावं लिहिलेल्या प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत. ब्रँडचं नाव तिकडे कुणाला कळणार नाही. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन आहे आणि इनहेलरमधलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा एडीएचडीच्या गोळ्या असतील तर मुक्कामाच्या आणि वाटेतल्या देशाचे नियम पाहा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आपल्याकडच्या कुपीत बहुधा एका मिलीला ४० युनिट असतात आणि सिरिंजही ४०ची. अमेरिकेत कुपी १०० युनिटची. इथली सिरिंज तिथल्या कुपीत घातली तर अडीचपट इन्सुलिन जाईल आणि साखर धोकादायक खाली येईल. जाण्यापूर्वी पेनवर या, किंवा सिरिंजा तिकडच्याच घ्या. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नका, तिथे गोठू शकतं.

नैराश्याच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर "आता नवी सुरुवात" म्हणून निघताना बंद करणं ही मला सर्वात महागात पडणारी चूक वाटते. नवं शहर, अंधारी थंडी, रात्री उलटलेली झोप, अभ्यास, सगळं एकदम येतं. गोळी कमी करायची असेल तर तिकडे बस्तान बसल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अमेरिकेत मनाच्या संकटासाठी ९८८ हा क्रमांक आहे, इथे घरच्यांसाठी टेलिमानसचा १४४१६.

दात आणि चष्मा इथेच उरका. विद्यार्थी विम्यात बहुधा दोन्ही नसतात, आणि दुखणारी अक्कलदाढ परीक्षेच्या आठवड्यातच डोकं वर काढते. एक जादा चष्मा आणि नंबरचा कागद बरोबर असू द्या.

शेवटचं आईवडिलांसाठी. तिथे १८ वर्षांवरच्या रुग्णाची माहिती डॉक्टर त्याच्या संमतीशिवाय सहसा कुणालाही देत नाहीत, आईवडिलांनाही नाही. मध्यरात्री इथून फोन केलात तरी उत्तर तेच मिळेल. त्यामुळे पोचल्यावर आरोग्य केंद्रात संमतीपत्र भरायचं का आणि त्यात कुणाचं नाव घालायचं, हे मुलाशी जाण्याआधीच बोलून ठेवा. त्याने नको म्हटलं तर तेही ऐकून घ्या, आणि निदान एका मित्राचा नंबर मागून घ्या.