एकरकमी पैसा की रोजची आवक? पाटणचा सोईदेव काय म्हणतो बघा

व्हिडिओत पाटणादेवीच्या शिलालेखाचा विषय घाईत उरकला, म्हणून इथे नीट सांगतो.

पाटण आपल्या चाळीसगावपासून साधारण 18 किलोमीटर. तिथे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक, निकुंभ घराणं, राज्य करायचं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (योगी चांगदेव वेगळे बरं का!) हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने पाटणला मठ काढला, आणि शके 1128 मध्ये निकुंभ सोईदेवाने त्याला देणगी दिली.

आता गंमत बघा. पाटणच्या बाजारात माल विकला की गिऱ्हाइकाकडून राजवाड्याला जो हिस्सा यायचा, तो मठाला लावून दिला. शिवाय दर तेलघाण्यामागे पळीभर तेल. लेख संस्कृतात, पण हा व्यवहाराचा भाग त्या काळच्या मराठीत. माझ्या मते, पैसे देणाऱ्या बाजारकऱ्यांना कळावं म्हणून.

एकरकमी देणगी कधीतरी संपते. इथे बाजार चालला तर मठ चालणार. धोकाही तोच: बाजार बसला की मठाची आवक बंद.

तुम्ही कर्जाचा अर्ज भरताय ना? त्याआधी कागदावर मांडा, एका गिऱ्हाइकामागे हातात किती सुटतं आणि दिवसाला गिऱ्हाईकं किती. आकडे कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत बघू.