काळ्या कातळाचं घड्याळ : सामूहिक विलोपनं आणि वेगाचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण खडकांचं वय कसं काढतात ते पाहिलं. युरेनियमचं शिसं कसं होतं, पोटॅशियमचा आरगॉन कसा होतो, हे झालं. शेवटी एका ताईंनी विचारलं होतं, "हे कोटी-कोटींचे आकडे लक्षात ठेवून करायचं काय?" प्रश्न रास्त होता, पण वेळ संपली होती. आजचं व्याख्यान हे त्याचंच उत्तर आहे असं समजा. थोडक्यात सांगायचं तर, आकडे नसले तरी घटनांचा क्रम कळतो, पण वेग कळत नाही. आणि जीवसृष्टीच्या इतिहासात कोण जगलं, कोण संपलं, हे फार वेळा वेगावरच ठरलेलं आहे.

पुणे ते गोवा

आधी एक मापपट्टी घेऊ. एक मीटर म्हणजे दहा हजार वर्षं. म्हणजे एक किलोमीटरला एक कोटी वर्षं झाली. आपण आज स्वारगेटला उभे आहोत आणि कोल्हापूर-बेळगाव मार्गे गोव्याकडे, भूतकाळात चाललो आहोत.

शिवराज्याभिषेक साडेतीन सेंटिमीटरवर. पाऊलसुद्धा उचललं नाही अजून. शेतीची सुरुवात मीटरभराच्या थोडी पुढे. आपली माणसाची जात, होमो सेपियन्स, साधारण तीन लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे तीस मीटरवर. एसटी स्टँडमधून बाहेरही पडलो नाही आपण.

डायनासोर संपले ते ६.६ किलोमीटरवर, कात्रजच्या आसपास. २५ किलोमीटरवर, खेड शिवापूरला, पृथ्वीवरचं सर्वांत भीषण विलोपन. (हशा) टोलनाक्याचा त्याच्याशी संबंध नाही. शिरवळ ओलांडलं की ५४ किलोमीटरवर कँब्रियन कल्पाची सुरुवात होते. शिंपले, कवच, कणा असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म भरपूर सापडतात ते शिरवळच्या अलीकडेच.

मग पुढे काय? पुढे खूप रस्ता आहे. कोल्हापूरच्या सुमाराला, २४० किलोमीटरवर, हवेत प्राणवायू साठायला लागला. बेळगावच्या जवळ, ३५० किलोमीटरवर, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खडकांत सूक्ष्मजीवांनी रचलेले थर दिसतात. आणि ४५४ किलोमीटरवर, गोव्यात, पृथ्वीचा जन्म. म्हणजे बेळगावपासून शिरवळपर्यंत, तीनशे किलोमीटर, जीवसृष्टी होती पण ती जवळजवळ सगळी डोळ्यांना न दिसणारी होती.

आता शिरवळच्या अलीकडचे तीन टप्पे बघा. शिरवळ ते खेड शिवापूर हा पुराजीव महाकल्प. खेड शिवापूर ते कात्रज हा मध्यजीव महाकल्प. कात्रज ते स्वारगेट हा नवजीव महाकल्प. जॉन फिलिप्स या इंग्रज भूवैज्ञानिकाने १८४१ साली ही विभागणी मांडली, तेव्हा त्याला एकाही खडकाचं वय वर्षांत माहीत नव्हतं. त्याने फक्त जीवाश्म पाहिले. एका थरापर्यंत एक प्रकारचे जीव आहेत, त्याच्या वर एकदम वेगळेच. तिथे त्याने रेघ मारली. त्या दोन रेघा म्हणजे दोन मोठी विलोपनं होती, हे नंतर कळलं. भूवैज्ञानिक कालमापनाच्या मोठ्या सीमा अशा मरणाच्या खुणांवर उभ्या आहेत.

पाच वेळा

अशी मोठी विलोपनं पाच मानली जातात. डेव्हिड राउप आणि जॅक सेपकोस्की यांनी १९८२ साली समुद्री जीवांच्या नोंदी एकत्र करून ही पाच शिखरं दाखवली. ४४ कोटी वर्षांपूर्वीचं ऑर्डोव्हिशियनच्या अखेरचं, ३७ कोटींच्या सुमाराचं डेव्होनियनमधलं, २५.२ कोटींचं पर्मियनच्या अखेरचं, २०.१ कोटींचं ट्रायासिकच्या अखेरचं आणि ६.६ कोटींचं क्रिटेशसच्या अखेरचं.

यातलं पर्मियनचं सर्वांत वाईट. समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ जाती गेल्या. त्याच वेळी सायबेरियात लाव्हा वाहत होता आणि तो दगडी कोळसा, चुनखडी, मीठ यांच्या थरांतून वर येत होता. चुलीत कोळसा घातल्यावर जे होतं तेच झालं, फक्त खंडाएवढ्या चुलीत. चीनमधल्या मेइशान इथल्या थरांचं वय काढल्यावर मुख्य विलोपन काही दहा हजार वर्षांत उरकलं असं दिसतं. आपल्या रस्त्यावर पाच-सहा मीटर. त्यानंतर जीवसृष्टी सावरायला पन्नास लाख ते एक कोटी वर्षं लागली, म्हणजे अर्धा ते एक किलोमीटर. पडायला पाच मीटर, उठायला एक किलोमीटर. हे प्रमाण लक्षात ठेवा.

आपल्या पायाखालचा संशयित

आता कात्रजला येऊ. मघाशी आपण पुण्याहून बेळगावपर्यंत गेलो, तो सगळा रस्ता ज्या काळ्या दगडावरून जातो, तो दगड एकाच काळातला आहे. याला बेसाल्ट म्हणतात. आपल्या घरचा पाटा-वरवंटा, जातं, गडांचे बुरूज, अजिंठा-वेरूळची लेणी, सगळं यातलंच. भूविज्ञानात याला दक्षिण ट्रॅप किंवा डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा स्वीडिश भाषेतल्या पायरी या शब्दावरून आलेला. सह्याद्रीचे डोंगर दुरून पायऱ्यांसारखे दिसतात, कारण लाव्ह्याचे थर एकावर एक बसले आहेत. आजही हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. बेळगावच्या आसपास तो संपतो, आणि गोव्यात उतरलात की अब्जावधी वर्षांपूर्वीचे खडक भेटतात.

हा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला वाहिला. म्हणजे बरोबर डायनासोर संपले तेव्हा. साहजिकच संशय आला.

पण दुसराही संशयित आहे. १९८० साली लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पिता-पुत्रांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इटलीतल्या गुब्बिओ इथल्या चिकणमातीच्या सेंटिमीटरभर थरात इरिडियम हे मूलद्रव्य अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं. इरिडियम पृथ्वीच्या कवचात अगदी कमी असतं, अशनींत तुलनेने बरंच. त्यांनी म्हटलं, सुमारे दहा किलोमीटरचा लघुग्रह आदळला. १९९१ साली मेक्सिकोतलं चिक्शुलूब हे सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं विवर त्याची जागा म्हणून पुढे आलं.

मग गुन्हेगार कोण? इथे वर्षांचा हिशेब लागतो. लाव्हा आधी वाहून गेला असेल तर दोष त्याचा. नंतर वाहिला असेल तर तो निर्दोष.

घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांच्या मध्ये एक तांबडा पट्टा दिसतो. तुम्ही तो शंभर वेळा पाहिला असेल. एक लाव्हा थंड झाला, पुढचा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला त्यात झालेली ती माती. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांनी अशा पट्ट्यांत अडकलेल्या ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉनचे बारीक स्फटिक वेचले. युरेनियम-शिशाच्या पद्धतीने त्यांचं वय काढून २०१५ साली त्यांनी सांगितलं, की उद्रेक विलोपनाच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाले आणि बहुतेक सगळा लाव्हा साडेसात लाख वर्षांत बाहेर पडला. आपल्या रस्त्यावर पंच्याहत्तर मीटर.

२०१९ साली 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. शोएन म्हणाले, आघाताच्या काही दहा हजार वर्षं आधी लाव्ह्याचा एक मोठा लोट आला. कोर्टनी स्प्रेन आणि सहकाऱ्यांनी आरगॉन पद्धत वापरून म्हटलं, बराचसा लाव्हा आघातानंतर आला. दगड एकच, घड्याळं दोन! २०२० साली समुद्रातल्या गाळाचा अभ्यास करून पिंसेली हल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दक्षिण ट्रॅपमधल्या वायूंमुळे आलेली मोठी तापमानवाढ सीमेच्या बरीच आधी येऊन ओसरलीही होती. त्यामुळे आज बहुतेकांचा कल असा, की मुख्य घाव लघुग्रहाचा. गेर्टा केलर यांच्यासारखे काही संशोधक मात्र लाव्ह्यालाच दोषी धरतात.

फळ्यावरचं गणित

लाव्हा एवढा प्रचंड असूनही निसर्गाने तो कसा पेलला? एक ढोबळ हिशेब करू. वहीत लिहून घ्या.

लाव्हा दहा लाख घन किलोमीटर धरू. एका घन किलोमीटर बेसाल्टचं वजन साधारण २.७ अब्ज टन. त्यातून अर्धा टक्का कार्बन डायऑक्साइड निघाला असं धरलं, तर एकूण सुमारे १३,५०० अब्ज टन. याला साडेसात लाख वर्षांनी भागा. वर्षाला सरासरी १.८ कोटी टन येतात.

आपण माणसं कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला साधारण ३,७०० कोटी टन सोडतो. म्हणजे दोन हजार पट.

कुणी म्हणेल, उद्रेक सलग नव्हते, लोटांनी आले, आणि जमिनीखालीच थिजलेल्या लाव्ह्यातूनही वायू निघाला. बरोबर आहे. दहापट धरा. तरी आपण दोनशे पट. दक्षिण ट्रॅपच्या अख्ख्या लाव्ह्याने जेवढा वायू सोडला, तेवढा आजच्या वेगाने सोडायला आपल्याला ३६५ वर्षं पुरतील. त्याला पंच्याहत्तर मीटर लागले, आपल्याला साडेतीन सेंटिमीटर. शिवराज्याभिषेकापासून आजपर्यंत.

हवेतला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निसर्ग शोषतो. समुद्र शोषतो, खडक झिजताना शोषतात. हा आपला बेसाल्टसुद्धा झिजताना तेच करतो. पण त्याला हजारो-लाखो वर्षं लागतात. बादली भरायचा वेग आणि रिकामी व्हायचा वेग जुळला तर पाणी वाहून जात नाही. लाव्ह्याने बरेचदा ती सवड दिली. लघुग्रहाने दिली नाही. आपण देत नाही आहोत. त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

कोण वाचलं

त्या विलोपनात सुमारे तीन चतुर्थांश जाती गेल्या. वाचले ते श्रेष्ठ होते म्हणून वाचले, असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे डायनासोरची अश्मीभूत विष्ठा सापडते. त्यात वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना गवताचे सूक्ष्म कण मिळाले, २००५ साली. गवत इतकं जुनं असेल असं तोवर फारसं कुणाला वाटत नव्हतं. म्हणजे विदर्भात डायनासोर गवत खात होते. तेलंगणातल्या नस्कल इथे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात उंदराएवढ्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले. त्याचं नाव डेक्कनोलेस्टीस, आपल्या दख्खनवरून. तगडे गेले, गवत राहिलं, आणि अशा चिमुकल्यांचे भाऊबंद जगभर वाढले. ते लहान होते, मिळेल ते खात होते, बिळात शिरू शकत होते. एवढंच. आपण सगळे त्या योगायोगाचे वारस आहोत.

प्रश्नोत्तर

*प्रश्न : सर, मग आपण सहाव्या विलोपनात आहोत का?*

विलोपन 'सामूहिक' म्हणायचं तर तीन चतुर्थांश जाती जायला हव्यात. सस्तन प्राण्यांच्या हजारो जातींपैकी गेल्या ५०० वर्षांत ऐंशीच्या आसपास नष्ट झाल्याची नोंद आहे. म्हणजे अजून आपण तिथे पोचलेलो नाही. पण वेग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहे. यातली चांगली बाजू बघा. बहुतेक जाती अजून जिवंत आहेत. वाघ आहे, माळढोक कसाबसा आहे. लघुग्रहाला थांबवणारं तेव्हा कुणी नव्हतं, लाव्ह्यालाही नाही. या वेळी कारण जे आहे त्याला कान आहेत, ते इथे बसून व्याख्यान ऐकतंय. पुढच्या वेळी आपण नवजीव महाकल्पात, म्हणजे कात्रजहून परत स्वारगेटकडे येऊ.