सव्वा रुपया, नारळ आणि व्हायोलिन

चाळीसच्या दशकात पुण्याच्या वाड्यांतून एक बारा वर्षांचा मुलगा व्हायोलिन वाजवायला जात असे. बिदागी ठरलेली होती, सव्वा रुपया आणि एक नारळ. घरची ओढाताण होती आणि त्या सव्वा रुपयाची घराला गरज होती. मुलाचं नाव प्रभाकर जोग. जन्म २५ डिसेंबर १९३२, नगर जिल्ह्यातल्या हरेगावचा. पुढे याच मुलाचं व्हायोलिन महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्या मराठी घरांनी ऐकलं. पण ऐकताना फार थोड्यांना ठाऊक होतं की वाजवतंय कोण.

शास्त्रीय तालमीत तयार झालेला व्हायोलिनवादक लोकांच्या गाण्यात शिरला की त्याच्या विद्येचं काय होतं, हा या लेखाचा प्रश्न आहे. अमेरिकेत ब्लूग्रास नावाच्या लोकसंगीतात आणि रॉकमध्ये गेलेल्या वादकांबद्दल हे कुतूहल जागं असतं. आपल्याकडे असा वादक गायकाच्या शेजारी बसला, आपण त्याला साथीदार म्हटलं आणि विषय संपला. माझ्या मते हा अन्याय आहे. साथीत बसलेल्या या माणसांनी आपल्या वाद्याची भाषा बदलली, आणि त्या बदलाकडे जवळून पाहायला हवं.

साथीच्या वाद्याचा हा प्रश्न इंदूरकराला तरी परका नाही. होळकरांच्या दरबारी बीन आणि सारंगी नांदली. उस्ताद अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ ही दोन्ही वाद्यं वाजवायचे, आणि खुद्द खाँसाहेबांची सुरुवात सारंगीनेच झाली. गजाच्या वाद्याने गळ्याच्या मागोमाग जायचं, ही रीत या शहराच्या कानात मुरलेली आहे. पुढे खाँसाहेब ‘बैजू बावरा’ (१९५२) आणि ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) या चित्रपटांसाठी गायले. त्यांनी आपली गायकी घेऊनच स्टुडिओत पाऊल टाकलं आणि ती तशीच घेऊन बाहेर आले. मोठ्या गायकाला ही मुभा मिळते. वादकाला ती सहसा मिळत नाही. त्याला समोरचं गाणं मागेल ते द्यावं लागतं.

जोगांची तालीम पं. गजाननबुवा जोशी आणि नारायणराव मारुलकर यांच्याकडे झाली. गजाननबुवा (१९११–१९८७) हे अंतूबुवांचे चिरंजीव. घरची गायकी ग्वाल्हेरची, त्यात त्यांनी भूर्जी खाँकडून जयपूर आणि विलायत हुसेन खाँकडून आग्रा घराण्याची विद्या मिळवली. व्हायोलिन मात्र त्यांनी बव्हंशी स्वतःच्या बुद्धीने कमावलं. त्यामुळे त्यांच्या हातात व्हायोलिन हा दुसरा गळाच होता. बंदिश, आलाप, बोलअंग हे सगळं गजातून निघालं पाहिजे, ही त्यांची अपेक्षा. अशा गुरूकडे शिकलेल्या मुलाला आधी गाता यावं लागतं. जोगही गाणं शिकलेलेच होते आणि पुढे त्यांना जे साधलं त्याचं मूळ इथे आहे.

जोगांना जे साधलं त्याचं दुसरं कारण रेडिओ. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं, आणि ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बंदच राहिलं. पेटीचे सूर ठोकळेबाज, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत, असा आक्षेप होता. तो बरोबर होता की नाही याचा वाद आजही होतो. मला तो अर्धाच बरोबर वाटतो. पण पेटी गेल्यावर गायकाच्या स्वराला टेकू देणारं दुसरं वाद्य हवं होतं, आणि भावगीताच्या नाजूक आवाजाला व्हायोलिन फार छान मानवलं.

रामनवमीला, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या. वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. व्हायोलिनवर बावीस वर्षांचे प्रभाकर जोग. पुढे बाबूजींच्या जाहीर कार्यक्रमांतही जोग शेकडो वेळा साथीला बसले.

गीतरामायणात व्हायोलिन काय करतं हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे. बाबूजींचा आग्रह शब्दांचा. प्रत्येक अक्षर स्वच्छ, जोडाक्षर फोडायचं नाही, अनुस्वार नाकात जायचा पण अडकायचा नाही. अशा गायकाच्या मागे रागाचा विस्तार दाखवत बसलं तर गाणं मोडतं. म्हणून वादकाला आपला गज अक्षरांवर बसवावा लागतो. नवं अक्षर आलं की गजाची दिशा बदलायची. एकाच अक्षरावर तीन सूर असतील तर गज न उलटता डाव्या हाताचं एकच बोट तारेवरून सरकवायचं. व्यंजन कठोर असेल तिथे गजाचा दाब किंचित वाढवून लगेच सोडायचा, आणि अनुस्वारावर तो अलगद उचलायचा, म्हणजे सूर बंद न होता मिटतो. ख्यालाच्या तालमीत यातली प्रत्येक गोष्ट शिकवलेली असते, पण तिथे ती रागासाठी राबते. इथे तीच ओळीच्या अर्थासाठी राबवायची. जोगांच्या वाद्याला लोक ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणू लागले, त्यामागे अशी हाताची मेहनत आहे. पुढे त्या नावाने ध्वनिमुद्रिकाही निघाल्या.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. आणखी एक थोर जोग होते, पं. व्ही. जी. जोग (१९२२–२००४). व्हायोलिन तेच, पण त्यांनी शास्त्रीय मंच धरला, बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर जुगलबंद्या केल्या आणि पद्मभूषण मिळवलं. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आपले जोग ज्या वाटेने गेले तिच्याबद्दल फार कमी.

ती वाट मुंबईच्या स्टुडिओंत पोचली, तेव्हा तिथे व्हायोलिनच्या रांगा भरलेल्या होत्या आणि त्यात बहुतेक गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य नोटेशन शिकून आलेली ही मंडळी समोर कागद ठेवला की पहिल्याच नजरेत वाजवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांच्यातले ज्ञानी. राग आणि सिंफनी एकत्र आणायच्या ध्यासाने त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. प्रयोगाला हवा तसा आश्रय मिळाला नाही आणि ते पुढे अमेरिकेला गेले. आज त्यांचं नाव देशभर माहीत आहे ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे. त्या गाण्याच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य होते. एवढ्या मोठ्या वादकाचं नाव लोकांपर्यंत पोचायला एका सिनेमातल्या पात्राची मदत लागली, याचं मला वाईट वाटतं. तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार छापले जात. वाजवणारे नाहीत.

आता समुद्रापार. रिचर्ड ग्रीन, जन्म १९४२, लॉस एंजेलिसचे. लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिनची शिस्तीत तालीम. मग स्कॉटी स्टोनमन यांचं फिडल ऐकलं आणि दिशा बदलली. फिडल म्हणजे वाद्य तेच, वाजवण्याची रीत लोकसंगीताची. १९६६ मध्ये ते बिल मन्रोंच्या ‘ब्लू ग्रास बॉईज’मध्ये दाखल झाले. मन्रो केंटकीचे, आणि त्यांच्या बँडच्या नावावरूनच या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. बँजो, मँडोलिन, गिटार, फिडल आणि डबल बास एवढाच संच. ढोल नाही, ड्रम नाही. ठेका तारांनीच सांभाळायचा. मन्रो स्वतः मँडोलिनवर दोन मात्रांच्या मधल्या जागी तारा दाबून कोरडा ‘छक्’ काढत, आणि सगळा बँड त्यावर चाले.

शास्त्रीय वादकाची अडचण इथेच होते. त्याचं सगळं शिक्षण सुंदर, अखंड आवाज काढण्याचं. मन्रोंना त्याच्याकडून आधी पक्की लय हवी होती. त्या गरजेतून ग्रीन यांनी एक आघात घडवला, ज्याला तिकडे ‘चॉप’ म्हणतात. गजाचा मुठीकडचा भाग तारांवर सरळ उभा सोडायचा, ओढायचा नाही. सूर लागत नाही, फक्त करकरीत आघात ऐकू येतो, मन्रोंच्या मँडोलिनच्या ‘छक्’च्या जातीचा. ज्या आवाजासाठी लहानपणी गुरूची बोलणी खाल्ली असती तोच आवाज त्यांनी मुद्दाम कमावला. तो पुढे डॅरॉल अँगर यांच्यासारख्या वादकांनी उचलला, आणि आता तंतुवाद्यांच्या तरुण चौकड्यांच्या शास्त्रीय वादनातही ऐकू येतो.

मन्रोंकडून निघून ग्रीन रॉककडे वळले. ‘सीट्रेन’ या बँडची १९७० ची तबकडी जॉर्ज मार्टिन यांनी निर्माण केली, म्हणजे बीटल्सचे निर्माते. तीत ग्रीन यांनी ‘ऑरेंज ब्लॉसम स्पेशल’ हा आगगाडीचा वेग दाखवणारा जुना फिडलचा पीस वाजवला. १९७३ मध्ये क्लॅरेन्स व्हाइट, डेव्हिड ग्रिस्मन, पीटर रोवन आणि बिल कीथ यांच्याबरोबर ‘म्यूलस्किनर’ हा बँड जमला. एका दूरदर्शन कार्यक्रमासाठी मन्रोही येणार होते, पण वाटेत त्यांची बस बिघडली आणि या बँडनेच कार्यक्रम निभावून नेला. पुढे ग्रीन यांनी स्वतःच्या नावाने स्ट्रिंग क्वार्टेटही काढलं, म्हणजे शास्त्रीय चौकटीत परतले, पण चॉप बरोबर घेऊन.

भारतातून थेट रॉकमध्ये गेलेले एल. शंकर हे मोठं उदाहरण. कर्नाटकी घरातले; ‘शक्ती’मध्ये जॉन मॅकलॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवलं, त्यांची १९७९ ची तबकडी फ्रँक झप्पांनी निर्माण केली, आणि त्यांनी दहा तारांचं दुहेरी व्हायोलिनही वापरात आणलं. ब्लूग्रासच्या बँजोशी आपल्या माणसाचा सर्वांत सुरेल संवाद मात्र माहीमच्या तबल्याने केला. झाकीरभाई, बँजोवादक बेला फ्लेक, एडगर मेयर आणि राकेश चौरसिया यांच्या ‘अॅज वी स्पीक’ला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले.

ग्रीन आणि जोग यांची तुलना कुणाला ओढूनताणून केलेली वाटेल. मला ती नेमकी वाटते. दोघांनाही लोकांच्या गाण्यातल्या एका हट्टी धन्याने वळण लावलं. मन्रोंनी लयीसाठी, फडक्यांनी शब्दांसाठी. दोघांनीही आपलं शिकलेलं टाकून दिलं नाही, ते नव्या कामाला लावलं. एकाचा गज तालवाद्य झाला, दुसऱ्याचा गळा. फरक आहे तो कदर होण्यात. ग्रीन यांचा चॉप त्यांच्या नावाने शिकवला जातो. अक्षरांवर गज बसवण्याची जोगांची रीत मात्र पद्धतशीर टिपून ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही. ती टिपायला हवी, त्यांच्याबरोबर वाजवलेली माणसं आहेत तोवर. आणि इंदूरसह जिथे जिथे मराठी गाण्यांचे कार्यक्रम होतात तिथल्या आयोजकांनी निमंत्रणपत्रिकेत साथीदारांची नावं गायकाच्याच आकाराच्या अक्षरांत छापावीत.

जोग संगीतकारही होते. यशवंत देवांनी लिहिलेलं आणि बाबूजींनी गायलेलं ‘स्वर आले दुरुनी’ हे त्यांचंच. महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना २०१५ मध्ये मिळाला. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, वयाच्या ८८ व्या वर्षी. ज्यांना या दोन गजांतला फरक स्वतः ऐकायचा आहे त्यांनी सीट्रेनचा तो आगगाडीचा पीस लावावा आणि लगेच ‘गाणारं व्हायोलिन’मधलं कुठलंही भावगीत. पहिल्यात गज तारांना डिवचत, दोन दोन तारा एकदम घेत पुढे धावतो. दुसऱ्यात गायक नसतो, तरी पहिली ओळ वाजली की ऐकणाऱ्याच्या ओठांवर गाण्याचे शब्द येतात.