जोडसुट्टीचे पाहुणे, त्यांची कॅरॅव्हॅन आणि कुत्री



पुणे, मुंबई, नाशिक या शहरांतील कुटुंबे जोडून सुट्टी आली की मोकळ्या रानात मुक्कामाला निघतात. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणल्यानंतर शेतकऱ्याच्या शेतावरील अशा मुक्कामाला चालना मिळाली आहे. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. एका प्रकारात इंजिन आणि घर एकत्र असते, तर दुसऱ्या प्रकारात घराचा डबा जीपच्या मागे ट्रॉलीसारखा जोडून आणतात. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, कधी शौचालयही असते. अशा पाहुण्यांना खोली लागत नाही. त्यांना सपाट जागा, स्वच्छ पाणी, विजेची एक जोडणी आणि शांतता हवी असते. बांधकामाचा मोठा खर्च नसल्याने हा जोडधंदा लहान शेतकऱ्यालाही झेपण्यासारखा आहे.

या पाहुण्यांबरोबर बऱ्याचदा एक-दोन कुत्री असतात. हॉटेलात कुत्र्याला घेत नाहीत, हे अशी गाडी बाळगण्याचे एक कारणच असते. जागा, पाणी, वीज यांची व्यवस्था आपण एकदा केली की झाली. कुत्र्यांचे तसे नाही. शहरातल्या कुत्र्याने शेळी कधी जवळून पाहिलेली नसते आणि आपल्या शेळीनेही असा पाहुणा पाहिलेला नसतो. शिवाय शेतात कुत्र्याच्या जिवावर बेतणाऱ्या अनेक गोष्टी उघड्या पडलेल्या असतात, ज्यांची पाहुण्यांना कल्पना नसते आणि आपण त्या रोज पाहत असल्याने आपल्या ध्यानात येत नाहीत.

जागेची निवड

जागेबद्दल थोडक्यात सांगतो. २०२५ साली १५ ऑगस्ट शुक्रवारी आला आणि तीन दिवसांची सुट्टी जोडून मिळाली. हे दिवस ऐन पावसाचे. काळ्या जमिनीत वाफसा नसताना डबा उभा केला तर चाके रुततात आणि परतीच्या दिवशी आपल्याच ट्रॅक्टरने तो ओढून काढावा लागतो. म्हणून मुरमाड उंचवटा निवडावा किंवा मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून घ्यावा. फाटक १२ फुटांपेक्षा अरुंद नसावे आणि डबा जोडलेल्या जीपला वळायला मोकळी जागा ठेवावी. जागेवर नारळ, वाळक्या फांद्यांचे जुने झाड किंवा आग्या मोहोळ नसावे. पाहुणे शेकोटी पेटवतात आणि धुराने मोहोळ उठते.

वीज शेतीपंपाच्या जोडणीवरून देऊ नये. घराच्या मीटरवरून १६ अँपिअरचा सॉकेट काढून त्याला चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. डब्याचे अंग धातूचे असते. त्यात गळती झाली तर बूट घातलेल्या माणसाच्या आधी ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या कुत्र्याला झटका बसतो.

फोनवर आधी विचारावे

पाहुण्यांचा फोन आला की किती माणसे येणार हे आपण विचारतोच. त्याच वेळी कुत्री किती, रेबीजची लस कोणत्या तारखेला दिली आणि जंताचे औषध केव्हा दिले हेही विचारावे. लसीकरणाची वही सोबत आणायला सांगावी. पिलाला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्यकाने सांगितल्याप्रमाणे, साधारणपणे दरवर्षी, देतात. पावसाळ्यात येणाऱ्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लस दिलेली असावी. हा रोग उंदीर, कुत्री व इतर जनावरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात पसरतो आणि माणसालाही होतो. भातखाचरात अनवाणी काम करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. पाहुण्यांची वही तपासणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या वस्तीवरच्या कुत्र्याला लस दिलेली असते? शहरातला माणूस बहुधा वही घेऊन येतो. आपला राखणदार मात्र गावभर फिरतो, इतर कुत्र्यांशी भांडतो आणि त्याची नोंद कोठेच नसते. पाहुणे बोलावण्यापूर्वी आपल्या कुत्र्यांना लस द्यावी आणि मुक्कामाच्या दिवसांत त्यांना बांधून ठेवावे. परक्या कुत्र्याला आपल्या हद्दीत पाहून पहिला हल्ला आपलेच कुत्रे करते.

कोणत्याही कुत्र्याने माणसाला चावा घेतला किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काही लावू नये. कुत्रे लस दिलेले असले तरी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचीही गरज असते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही असेच समजावे. त्यामुळे चार दिवस वाट पाहण्यात अर्थ नाही.

गोठा आणि कळप

पाहुण्यांचे कुत्रे घरी कितीही शांत असले तरी पळणारे जनावर दिसले की ते मागे धावते. यात त्याचा दुष्टपणा नसतो, तो त्याचा स्वभाव आहे. पण गाभण शेळी किंवा मेंढी घाबरून धावली तर गर्भपात होऊ शकतो, आणि कोंबड्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून गुदमरतात. म्हणून मुक्कामाच्या जागेला किमान साडेचार-पाच फूट उंचीची जाळी लावावी. जाळीबाहेर कुत्रे साखळीवरच न्यावे, हा नियम पाहुणे उतरतानाच सांगावा. संकोच करू नये. चांगले पाहुणे नियमाने दुखावत नाहीत. शेळ्या-मेंढ्या चरायला सोडण्याची वेळही त्यांना सांगून ठेवावी.

शनिवारी रात्री मटणाचा बेत ठरतोच. बकरे कापल्यावर काळीज, फुप्फुस यांचे कच्चे तुकडे कुत्र्यांना टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती बंद करावी. या अवयवांत पाण्याने भरलेल्या गाठी असतील तर त्यांतून कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर, भाजीवर आणि पाण्यात जातात, आणि मग जनावरांच्या व माणसांच्या काळजात, फुप्फुसात तशाच गाठी होतात. दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे मेंढीच्या मेंदूत गाठ होते व मेंढी एकाच बाजूला गोल फिरू लागते. कापलेल्या जनावराचे टाकाऊ अवयव खोल पुरावेत. कुत्र्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल असलेले जंतनाशक द्यावे, आणि त्यात आपली कुत्री आधी धरावीत.

शेतातील विषे

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. मक्यावरील लष्करी अळीसाठी कोंडा व गूळ आंबवून त्यात थायोडीकार्ब मिसळलेले विषारी आमिष पोंग्यात टाकतात. सोयाबीनमधील गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बांधाच्या कडेने टाकतात. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड पिठात व तेलात कालवतात. या तिन्ही आमिषांना कुत्रेही भुलते. मेटाल्डिहाइड पोटात गेले की थोड्याच वेळात थरथर आणि झटके सुरू होतात. एरंडीची पेंड आपण खत म्हणून वापरतो, पण तीही कुत्र्याला घातक आहे. पोते उघडे असेल तर ते ती आवडीने खाते. विशेषतः हाडांच्या चुऱ्याबरोबर मिसळलेली पेंड फळझाडाच्या आळ्यात घातली की कुत्रे ती उकरून काढते.

म्हणून पाहुणे येण्याच्या सुमारास मुक्कामाच्या जागेजवळ आमिष टाकू नये. आधी टाकले असेल तर ते क्षेत्र पाहुण्यांना प्रत्यक्ष नेऊन दाखवावे आणि तेथे जाणे बंद ठेवावे. कुत्र्याने काही खाल्ल्याची शंका आली तर मीठ-पाणी किंवा दूध पाजत बसू नये. औषधाचे वेष्टन सोबत घेऊन तात्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे. त्यांचा दूरध्वनी क्रमांक जाळीच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

नाशिक भागातील बागायतदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यास सुरक्षित, असे प्रमाण सांगता येत नाही. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तात बदल दिसतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरेत. शिजवलेला कांदाही चालत नाही. ज्या जिल्ह्यात पाहुण्याला प्रेमाने द्राक्षाचा घड आणि कांद्याची भजी द्यायची, तेथेच हे कुत्र्याला वर्ज्य हा योगायोग खरा, पण पाहुण्यांची मुले ताटातले कुत्र्याला भरवतात. तेव्हा आधी सांगितलेले बरे.

रात्र आणि दुपार

जुन्नर, आंबेगाव, अकोले, संगमनेर या उसाच्या पट्ट्यात रात्री कुत्रे डब्याबाहेर बांधू नये. अकोले परिसरातील बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या खाद्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. बाहेर साखळीला बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला वस्तीत दिलेले आमंत्रणच. अंधार पडल्यावर कुत्री डब्यात घ्यावीत, उरलेले अन्न व हाडे बाहेर टाकू नयेत, आणि जागेवर रात्रभर दिवा ठेवावा.

उन्हाळ्यात उलटा धोका असतो. उन्हात बंद उभ्या गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे १० अंशांनी चढते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग निववते. वीजपुरवठा गेला की डब्यातला पंखा बंद पडतो आणि पाहुणे तोवर विहिरीवर पोहायला गेलेले असतात. मे महिन्यातील दुपारी कुत्र्यांना चिंचेच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत, पाण्याच्या भांड्यासह ठेवायला सांगावे. संध्याकाळी कान, काखा आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावेत. ते गोठ्यात येऊ नयेत ही आपली काळजी आणि कुत्र्याला गोचीड ताप होऊ नये ही त्यांची.

निघण्याच्या दिवशी

कुत्र्यांची विष्ठा रोज उचलून भाजीपाल्यापासून व विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरावी. गांडूळखतात टाकू नये. डब्यातील शौचालयाच्या टाकीत जंतुनाशक द्रव घातलेला असतो, म्हणून ती गोबरगॅसच्या संयंत्रात रिकामी करू देऊ नये. वायू तयार करणारे जिवाणू मरतात आणि संयंत्र बंद पडते. ती शौचालयाच्या टाकीतच सोडावी. भांडी धुतलेले पाणी केळीच्या आळ्यात सोडण्यास हरकत नाही.

जाताना पाहुणे तांदूळ, कांदा, गूळ घेऊन जातात आणि खरी कमाई बऱ्याचदा यातच होते. माल मागच्या कोपऱ्यात रचू देऊ नये. बैलगाडीत भार मागे गेला की गाडी उलाळ होते. ओढत्या डब्याचेही तसेच आहे. एकूण वजनाच्या सुमारे १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर असावा लागतो. तो कमी पडला तर महामार्गावर वेग घेताच डबा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. पोती आसाच्या थोडी पुढे, खाली जमिनीलगत ठेवून दोरीने बांधावीत. चालत्या डब्यात माणूस किंवा कुत्रे बसवू नये. कुत्री जीपमध्ये बसवावीत, आणि कांद्याचे पोते डब्यात, तोंड शिवून.