ऑलस्पाइस म्हणजे गरम मसाला नव्हे

रमजानमध्ये खजूर घरात असतोच, म्हणून इफ्तारसाठी खजुराचा केक करायचे ठरते. परदेशी कृतीत मात्र मध्येच ‘एक छोटा चमचा ऑलस्पाइस’ असे लिहिलेले असते. भंडारा, तुमसर, पवनीच्या किराणा दुकानात तो सहसा मिळत नाही आणि नावावरून अनेक जणी गरम मसालाच घालतात. त्यात धणे, मिरे, शहाजिरे. केकला रश्शाचा वास येणारच!

ऑलस्पाइस हे मिश्रणच नाही. ती जमैकातल्या एका झाडाची कच्ची तोडून वाळवलेली फळे, मिऱ्याहून थोडी मोठी. लवंग, कलमी (दालचिनी) आणि जायफळ यांचा एकत्र वास आल्यासारखा वाटतो म्हणून इंग्रजांनी हे नाव दिले.

म्हणजे हे तिन्ही घरातच असतात. एका चमच्याऐवजी अर्धा चमचा कलमीची पूड, पाव चमचा लवंगेची पूड आणि पाव चमचा किसलेले जायफळ घ्यावे. लवंगेला मात्र हात आखडता ठेवावा. युजेनॉल हे सुगंधी द्रव्य दोन्हींत असते, पण लवंगेचा जोर फार. थोडी जास्त झाली तर खजुराची चवच लागत नाही. रोजा असताना मिश्रण चाखणे बहुतेक जणी टाळतात, त्यामुळे चूक कळते ती थेट इफ्तारला, तीही पाहुण्यांसमोर. म्हणून चमचा सपाट करून मोजावा आणि पूड मैद्यासोबत दोनदा चाळावी. चाळणीत उरलेली लवंगेची भरड टाकून द्यावी.