भीतीच्या पायऱ्या

"काकू, घाट आला का पायातलं बळच जाते. मले नाही जमत बाप्पा!" शेजारची सून सांगत होती. तिचं सासर धारणीत, माहेर परतवाड्याला. मधे सेमाडोहचा वळणावळणाचा रस्ता. एसटी वळू लागली की हिची छाती धडधडते, तळहाताला घाम फुटतो. तिकडे आई आजारी, आणि ही दोन वर्षांत माहेरी गेलेली नाही. सासूबाई म्हणायच्या, "नाटकं आहेत सगळी." मीही तिला "डोळे मिटून बस, काही होत नाही" असंच सांगितलं होतं.

मैत्रिणींनो, माझा तो सल्ला चुकीचा होता. डोळे मिटले, प्रवास टाळला की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं वाटतं. पण भीती आणखी घट्ट होत जाते. तिच्यासमोर थोडं थोडं जावं लागतं. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्येच हे दाखवलं होतं. सशाला घाबरणारा एक लहान मुलगा आवडीचा खाऊ खात असताना त्यांनी ससा हळूहळू त्याच्या जवळ आणला. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला.

आता या कामाला यंत्राची जोड मिळाली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये उंचीला घाबरणाऱ्या १०० जणांवर एक प्रयोग केला. त्यातल्या ४९ जणांनी डोळ्यांवर खास चष्मा चढवून खोट्या इमारतीचे मजले चढले. शिकवायला पडद्यावरचीच शिक्षिका! त्यांची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी कमी झाली. नेदरलँड्समध्ये तर साधा मोबाईल आणि पुठ्ठ्याचा चष्मा यांवर हे जमवलं. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नाडीचे ठोके मोजून समोरचं दृश्य आपोआप सोपं-अवघड करणाऱ्या यंत्रणांवरही संशोधन चालू आहे. म्हणजे सगळ्यांना एकच डोस नाही, ज्याचा त्याचा वेग!

आमच्याकडे असा चष्मा कुठला? पण मोबाईल होता. 'टेलि-मानस' ही सरकारी मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिच्या १४४१६ या क्रमांकावर तिने फोन लावला आणि समुपदेशकाशी बोलून पायऱ्या ठरवल्या. नवऱ्याने घाटाचं चित्रीकरण करून आणलं. आधी ते आवाज बंद करून बघायचं, मग आवाजासकट. नंतर स्टँडवर उभ्या एसटीत नुसतं बसायचं. मग हरिसालपर्यंत, मग सेमाडोहपर्यंत. दर वेळी भीतीला दहापैकी गुण द्यायचे आणि ते निम्म्यावर आल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही. सेमाडोहला ती दोनदा अडकली, तेव्हा पुन्हा हरिसालवर आली. पुढच्या वेळी मी सोबत गेले, पण बोलले काहीच नाही.

दिवाळीत ती परतवाड्याला पोचली. आईच्या हातचा चहा पिऊन मला फोन केला, "काकू, खिडकीपाशी नाही बसली मी. पण डोळे उघडेच होते."

तुमच्या घरात कुणी पालीला, अंधाराला, लिफ्टला घाबरत असेल, तर हसू नका आणि एकदम ढकलूही नका. भीती फार असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मग पहिली पायरी अगदी छोटी ठेवा. ती कोणती, हे मात्र घाबरणाऱ्यालाच ठरवू द्या.