साच्यातून सुटलेलं यान

(हौस आणि हत्यारं : भाग ६)

गेल्या आठवड्यात कटर, सँडपेपर आणि गोंद यांची ओळख झाली. आता खुद्द किटकडे वळू, आणि तेही विज्ञानपटांतल्या यानांच्या किटकडे. विमानं आणि रणगाडे करणारी मंडळी आम्हा यानवाल्यांना जरा खालच्या पंगतीत बसवतात. त्यांचं म्हणणं असं, की स्पिटफायर खरोखर उडालं होतं, लढलं होतं. तुमचं ‘मिलेनियम फाल्कन’ कुठे उडालं? मला हा आक्षेप उलटाच वाटतो. स्पिटफायरचं किट ही विमानाची लहान नक्कल. फाल्कनचं मात्र मूळच एक मॉडेल होतं. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’साठी कॅलिफोर्नियातल्या एका गोदामात ते पाचेक फुटांचं यान कारागिरांनी हातांनी बांधलं, खांबावर चढवलं आणि कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तेव्हा त्याचं किट जोडणारा माणूस मूळ कारागिरांनी केलेलंच काम पुन्हा करत असतो. इतकी प्रामाणिक नक्कल स्पिटफायरवाल्यांच्या नशिबी नाही.

मूळ कारागिरांनी ते बांधलं कशाने, यातच खरी गंमत आहे. जॉर्ज लुकसला चकचकीत चंदेरी यानं नको होती; वापरलेली, तेलकट, दुरुस्त करून करून चालवलेली हवी होती. जॉन डायकस्ट्रा यांच्या हाताखाली जमलेल्या पोरांनी खेळण्यांच्या दुकानांतून रणगाड्यांची, युद्धनौकांची, मोटारींची प्लॅस्टिक किटं ढिगाने आणली, त्यांतले सुटे भाग कापले आणि यानाच्या पाठीवर चिकटवले. पाइप, झाकणं, जाळ्या, नटबोल्ट सगळं तिथलंच. यानाच्या पाठीवर जे अनाकलनीय यंत्र वाटतं, ते जवळून पाहिलं तर जर्मन रणगाड्याच्या तळाचा एखादा तुकडा निघतो. ही युक्ती त्यांची एकट्यांची नव्हे. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये (१९६८) आणि डग्लस ट्रम्बलच्या ‘सायलेंट रनिंग’मध्ये (१९७२) हेच झालं होतं. पण ‘स्टार वॉर्स’ने तिची शैली केली.

त्याच गोदामातला आणखी एक किस्सा. फाल्कनचा पहिला आराखडा लांबट होता. तो बांधूनही झाला, आणि मग लक्षात आलं की ब्रिटिश मालिका ‘स्पेस : १९९९’मधल्या ‘ईगल’ यानासारखा तो दिसतोय. घाईघाईने फाल्कनला नवी, गोल चपटी तबकडी मिळाली. लांबट मॉडेल फेकून देणं परवडणारं नव्हतं. थोडे फेरफार करून ते राजकन्या लेयाचं जहाज झालं. म्हणून पहिल्या दृश्यात एक विचित्र गोष्ट आहे, जी प्रेक्षकाला कधीच जाणवत नाही. पुढे पळणारं लहानसं जहाज मॉडेल म्हणून सहा फुटांच्या आसपास, आणि त्याला गिळायला मागून येणारं, कथेत १६०० मीटर लांबीचं अजस्र ‘स्टार डिस्ट्रॉयर’ प्रत्यक्षात जेमतेम तीन फुटांचं! सशापेक्षा वाघ लहान. तरीही सगळं जग त्या वाघाला घाबरलं.

हे कसं जमलं, ते समजायला आपल्या दिवाळीच्या किल्ल्याकडे जाऊ. मराठी घरातल्या प्रत्येक पोराने मॉडेलिंगचा पहिला धडा तिथे गिरवलेला असतो: दगड, माती, पोतं, वर पेरलेले अळीव. आणि पहिली चूकही तिथलीच. बाजारातला मातीचा मावळा साडेसात सेंटिमीटरचा. खरा माणूस १६५ सेंटिमीटरचा धरला तर हे प्रमाण झालं १/२२. या हिशेबाने पाच मीटरचा महादरवाजा पावणेतेवीस सेंटिमीटर हवा. आपण तो ठेवतो चार बोटांचा, म्हणून मावळा बुरुजावरून वाकून तळ्यात हात धुवेल असा दिसतो. किट घेताना डब्यावर जो १/७२ किंवा १/१४४ असा आकडा असतो, तो हाच. फाल्कन कथेत सुमारे ३५ मीटरचं आहे. १/७२ मध्ये ते अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास सेंटिमीटर भरतं, १/१४४ मध्ये त्याच्या निम्मं. आपल्या दोन खोल्यांच्या घरात कपाटाची खोली आधी मोजा, मग प्रमाण निवडा.

पडद्यावर मात्र प्रमाण डोळ्याला पटवावं लागतं, आणि ते पटतं तपशिलाच्या आकारावरून. स्टार डिस्ट्रॉयरच्या पृष्ठभागावर भाग इतके बारीक आणि इतके दाट आहेत, की डोळा आपोआप ठरवतो, ही एवढीशी ठिपकी म्हणजे खोली असेल तर जहाज शहराएवढं असणार. दुसरी बाजू कॅमेऱ्याची. जवळच्या वस्तूवर कॅमेरा रोखला की मागचं-पुढचं धूसर होतं, आणि धूसर झालं की वस्तू लहान आहे हे उघडं पडतं. म्हणून भिंगाचं छिद्र अगदी बारीक करायचं आणि एकेका फ्रेमला जास्त वेळ प्रकाश द्यायचा. डायकस्ट्रांच्या चमूने मॉडेल जागेवर ठेवून कॅमेराच संगणकाच्या आज्ञेने हळूहळू फिरवला, तीच फेरी हवी तितक्या वेळा तंतोतंत परत करता येईल अशी.

अवकाशातल्या दृश्यांचं एक बरं असतं, तिथे पाणी नाही आणि काही खाली पडत नाही. पडणारी वस्तू दाखवायची तर हिशेब बदलतो. १/१६ च्या मॉडेलचा कडा कोसळताना दाखवायचा असेल तर सोळाचं वर्गमूळ चार. म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम टिपाव्या लागतात, तेव्हा कुठे तो कडा जड वाटतो. पाण्याचे थेंब तर कशानेच लहान होत नाहीत. जुन्या सिनेमांतली बुडणारी जहाजं म्हणून टबात बुडाल्यासारखी दिसतात.

आता डब्यातल्या चौकटीकडे. प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटीला लटकलेले शंभर-दीडशे भाग. ही चौकट आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत मोल्डिंगवर काम करणाऱ्या कुणालाही दाखवा. तो यानाकडे बघणारच नाही. गेट कुठे दिलाय, पार्टिंग लाइन कुठून गेलीय, इजेक्टर पिना कुठे लपवल्यात, हे तो आधी बघेल. दुचाकी-चारचाकीच्या सुट्या भागांवर पोट भरणारं हे गाव. इंडो-जर्मन टूलरूम इथेच आहे आणि तिथून साचे करायला शिकून बाहेर पडलेली मुलं आसपासच्या शेडांत आणि दूरवर पसरली आहेत. मॉडेल किटमागचं सगळं ज्ञान आमच्या रस्त्यावर रोज शिफ्ट बदलताना दिसतं, फक्त त्याला यानाचा आकार मिळालेला नाही.

पॉलिस्टायरीनचे दाणे दोनशे अंशांच्या वर तापवून पातळ करायचे आणि मोठ्या दाबाने पोलादी साच्यात सोडायचे. साच्याचे दोन अर्धे, कोअर आणि कॅव्हिटी; ते जिथे मिळतात ती रेघ म्हणजे पार्टिंग लाइन. प्लॅस्टिक ज्या नाल्यांतून धावतं तीच आपली चौकट, आणि नालीतून भागात शिरण्याचं अरुंद तोंड म्हणजे गेट. थंड झालं की साचा उघडतो, पिना भाग ढकलून बाहेर काढतात. सोपं वाटतं, पण साच्यातून भाग सुटायला हवा, ही अट सगळ्यावर राज्य करते. उभ्या भिंतीला अर्धा-एक अंशाचा उतार दिला नाही तर भाग अडकतो. आत वळलेली खाच सरळ उघडणाऱ्या साच्यात येतच नाही. म्हणून यानाचे तुकडे कुठे पाडायचे, हे दिग्दर्शकाच्या हातात नसतं. ते साचा करणारा ठरवतो. जिथे प्लॅस्टिक जाड, तिथे थंड होताना पृष्ठभाग आत ओढला जाऊन खड्डा पडतो. साचा झिजला की फटीतून पातळ पापुद्रा सुटतो, त्याला शॉपवर फ्लॅश म्हणतात.

एक भाग कापून बघा. कटर भागाला टेकवून एका फटक्यात तोडलं तर गेटच्या जागी पांढरा डाग उठतो; तिथे प्लॅस्टिक ताणून फाटलेलं असतं आणि तो डाग रंगाखालूनही डोकावतो. म्हणून पहिला काप भागापासून दोन मिलिमीटर दूर, चौकटीच्या बाजूला. दुसरा काप उरलेल्या खुंटाचा, कटरची सपाट बाजू भागाकडे ठेवून. तरीही केसभर उंचवटा राहू द्यायचा. तो ४००च्या कागदाने, मग ८०० आणि शेवटी १०००च्या ओल्या कागदाने उतरवायचा. बोटाच्या पेराने चाचपून बघा. डोळ्याला न दिसणारी कड पेराला लागते. आता भाग उलटा करा. आतल्या बाजूला पिनांच्या गोल खुणा दिसतील. चांगल्या साच्यात त्या सगळ्या आत असतात. एखादी खूण यानाच्या पाठीवर आली असेल, तर साचा काढणाऱ्याने आळस केला आणि तो आळस आता तुम्हाला पुट्टीने भरायचाय.

या कामात जपानच्या बंदाईचा हात धरणारं कुणी नाही, हे माझं ठाम मत. १९७९च्या ‘गंडम’ मालिकेतल्या यंत्रमानवांचं त्यांचं पहिलं किट १९८० साली ३०० येनला निघालं. आज शिझुओकाच्या कारखान्यात एकाच चौकटीत चार रंगांचे भाग निघतात आणि गोंदाशिवाय टिचकीसरशी बसतात. जुन्या अमेरिकन किटांचा मला लळा आहे, ‘स्टार ट्रेक’च्या एंटरप्राइजचं १९६६चं किट तर या धंद्याचा मूळ पुरुष, पण लळा वेगळा आणि फिटिंग वेगळं.

सिनेमांचं म्हणाल, तर मी ते किटवाल्याच्याच नजरेने बघतो. संगणकावर काढलेल्या यानाला पार्टिंग लाइन नसते, वजन नसतं, आणि ते कसं जोडलंय याचा विचार कुणी केलेला नसतो. त्याचं किट निघालं तरी हातात घेतल्यावर ते पोकळ वाटतं. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) मला आवडतो त्याचं अर्धं कारण हेच, की बारा कप्प्यांचं वर्तुळाकार ‘एन्ड्युरन्स’ यान त्यांनी पंचवीस फुटांहून मोठं प्रत्यक्ष बांधलं. संगणक तिथेही होताच. दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळवणारी ‘डबल निगेटिव्ह’ त्याच वर्षी मुंबईच्या प्राइम फोकसशी जोडली गेली. पण संगणकाने हाताला मदत केली, त्याची जागा घेतली नाही.

आपल्याकडे हात कधीच कमी नव्हते. प्रभातच्या पुण्यातल्या स्टुडिओत १९३६ साली ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला निघाले, १९४०च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालली. मराठीतलं पहिलं उड्डाण मी तेच मानतो. नंतर आपली विज्ञानकथा जयंत नारळीकरांनी कागदावर भरभक्कम उभी केली, पडद्यावर मात्र दारासिंगच्या ‘चांद पर चढाई’सारखे (१९६७) गमतीचे प्रयोगच जास्त. अपवाद हवा तर नागपूरच्या आरती कडव यांचा हिंदी ‘कार्गो’ (२०१९) पाहा. ‘पुष्पक ६३४ए’ हे त्यातलं यान मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करून पाठवतं आणि आतला राक्षस सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखा कंटाळून काम करतो. मोजक्या पैशांत केलेला सिनेमा, पण ते यान वापरलेलं दिसतं. लुकसने शंभर किटं कापून जे मिळवलं, ते इथे वेगळ्या वाटेने आलंय.

पुष्पकचं किट कुठे मिळतं, असं विचाराल तर कुठेच नाही. जपानी डबेही महागलेत. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ साली ७०. लहान प्रमाणातली मॉडेल्सही जकातीच्या त्याच रकान्यात येतात. इतर कर धरले तर किंमत दुपटीकडे झुकते. शुल्क वाढवलं ते देशी खेळणी निघावीत म्हणून, आणि त्या हेतूशी माझं भांडण नाही. फनस्कूलने गोव्यात अमेरिकन साच्यांवरून काढलेले ‘जी. आय. जो’ आज परदेशातले संग्राहक शोधत फिरतात. म्हणजे मशीन आणि माणसं आपल्याकडे होती, साचा मात्र दुसऱ्याचा होता.

तेव्हा चिकलठाण्यातल्या टूलरूमवाल्यांना एक विनंती. गाडीच्या डॅशबोर्डचे साचे तुम्ही काढताच. एखाद्या मंदीच्या महिन्यात, मशीन रिकामं असताना, वीस भागांचं एक साधं यान काढा. आराखडा परवान्याच्या भानगडीत न पडता स्वतःचा करा. आपल्याकडे चित्र काढणारी पोरं भरपूर आहेत. गोंद लागला तरी चालेल, थोडा फ्लॅश आला तरी आम्ही घासून घेऊ. फक्त पिनांच्या खुणा आतल्या बाजूला ठेवा.

पुढच्या भागात रंग. बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात स्प्रेचा लॅकर भागावर पोचायच्या आधीच वाळतो आणि पावसाळ्यात तोच दुधाळ होतो, त्यावर काय करायचं ते पाहू. तोवर कापलेले भाग क्रमांकासह डब्यातच ठेवा.